अवयवांचे अंक जोडत मूळ संख्येपर्यंत कसे पोहोचावे

एखादी संयुक्त संख्या घ्या, तिचे मूळ अवयव पाडा आणि ते चढत्या क्रमाने शेजारी शेजारी लिहा. जी नवी संख्या तयार होईल तिच्यावर हीच कृती करा आणि मूळ संख्या आली की थांबा.

१० पासून सुरुवात करू. १० = २×५, म्हणून २५. पुढे ५×५, म्हणजे ५५; मग ५×११, म्हणजे ५११; ५११ = ७×७३, म्हणून ७७३. याचे वर्गमूळ २८ पेक्षा किंचित कमी आहे, त्यामुळे २३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरेसे. एकानेही भाग जात नाही, म्हणजे मुक्काम आला.

दोन चुका हमखास होतात. पहिली, पुन्हा येणारा अवयव एकदाच लिहिणे: ८ वरून २२२ यायला हवे, २ नव्हे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सिम्पाय या गणिती लायब्ररीतले फॅक्टरइंट हे अवयव पाडणारे फंक्शन प्रत्येक अवयव घातांकासह देते, तेव्हा घातांकाइतक्या वेळा तो लिहावा लागतो. दुसरी, अवयवांचा क्रम मजकूर म्हणून, म्हणजे पहिल्या अंकावरून, लावणे. तसे केल्यास ५५ वरून ५११ ऐवजी ११५ येते आणि पुढची सगळी साखळी बिघडते. आधी संख्या म्हणून क्रम लावा, मगच जोडा.

सुरुवातीची संख्या लहान आहे यावर विसंबू नका. ८ ला १३ पायऱ्या लागतात आणि उत्तर १९ अंकी येते: ३३३१११३९६५३३८६३५१०७. ४९ ची साखळी तर (४९, ७७, ७११, ३३७९, ३११०९…) शंभराहून अधिक पायऱ्यांनंतरही मूळ संख्येला पोहोचलेली नाही. शोध अडतो तो दोनशेहून अधिक अंकी संख्येचे अवयव पाडण्यात. म्हणून प्रोग्रॅममध्ये अंकसंख्येची मर्यादा, समजा ६०, आधीच घाला.