फायटर माशाच्या टाकीला हीटर लावताना

जानेवारीतल्या रात्री, किंवा रात्रभर एसी चालू असला की, मुंबईतही छोट्या टाकीचं पाणी 24 अंशांखाली उतरतं आणि बिचारा फायटर तळाशी सुस्त पडून राहतो. 20 लिटरला 25 वॉटचा, थर्मोस्टॅटवाला (ठरवलेल्या तापमानाला आपोआप बंद होणारा) हीटर पुरतो. मोठा घेऊ नका. थर्मोस्टॅट अडकला तर एवढ्याशा पाण्यात मासा उकडून मरतो.

1. हीटर फिल्टरच्या प्रवाहाजवळ, खुणेपर्यंत बुडवून लावा. 20 मिनिटांनी स्विच चालू करा.
2. 26 अंशांवर ठेवा. थर्मामीटर टाकीच्या दुसऱ्या टोकाला.
3. वायरला सॉकेटच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न शिरता तिथूनच ठिबकेल.

पाणी बदलण्याआधी प्लग काढून 20 मिनिटं थांबा. हीटरची गरम नळी पाण्याबाहेर उघडी पडली की तिची काच तडकू शकते, आणि मग पाण्यात करंट उतरू शकतो.