काट्याला हात लावण्याआधी

आयटीआयचा दाखला घेऊन साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका गॅरेजमध्ये लागलो, तेव्हा स्पीडोमीटरचं काम मी कामातच धरत नव्हतो. इंजिन उतरवणं, क्लच प्लेट बदलणं हे खरं काम, मीटर म्हणजे पोरखेळ. त्या तोऱ्यात जे करून ठेवलं, तेच आधी सांगतो.

कोरेगावकडचे एक निवृत्त गुरुजी जुनी मारुती ८०० घेऊन आले. काटा ६० वर असला की नातवाच्या मोबाइलवर ६४ दिसतं, एवढीच तक्रार. मालक जेवायला गेले होते. मी मीटर उतरवला, दोन चमच्यांनी काटा उचलला, चार पुढे सरकवून बसवला आणि गाडी दिली. तिसऱ्या दिवशी गुरुजी दारात. "बाळ, गाडी उभी आहे आणि काटा चालतोय."

खरंच, उभ्या गाडीत काटा चारवर! ३० ला जास्त दाखवत होता, ९० ला अजून कमीच. मालक मला एवढंच म्हणाले, "किलोमीटर बरोबर पडत्यात का, ते बघितलंस का रं?"

नव्या पोरांनी हा प्रश्न पाठ करावा. जुन्या गाडीत गिअरबॉक्समधून केबल येते आणि मीटरमध्ये एक चुंबक फिरवते. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक तिला शिवत नाही, पण फिरताना तिच्यात वीजप्रवाह उठवतं आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. या ओढाताणीत वाटी जिथे ठरते, तिथे काटा ठरतो. ओटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाने १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि मारुती ८०० पर्यंत तीच युक्ती चालली. किलोमीटरचे आकडे मात्र त्याच केबलवरून दातऱ्यांनी थेट फिरतात, चुंबकाशी त्यांचा संबंध नाही. म्हणजे किलोमीटर बरोबर आणि काटा चुकीचा असेल, तर दोष मीटरच्या आत: चुंबक अशक्त झालं तर काटा कमी दाखवतो, स्प्रिंग ढिली झाली तर जास्त. दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकत असतील तर मीटर उघडूच नका, खाली टायरकडे बघा. (काटा नुसता थरथरत असेल तर बहुधा केबल कोरडी असते. पुसून हलकं ग्रीस लावा, पण मीटरकडची वीतभर सोडून, नाहीतर ग्रीस चढत मीटरमध्ये जातं.)

काटा मी पुन्हा शून्यावर बसवला. मग तपासायला मालकांनी मला रविवारी पहाटे महामार्गावर नेलं, शेंद्र्याच्या पुढे नागठाण्याकडे. पहाटे अशासाठी की गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे एकसारखा वेग राहतच नाही. काटा ६० वर धरायचा आणि शेजारी बसलेल्याने दगड ते दगड वेळ घ्यायची, चालवणाऱ्याने नाही. एकाच किलोमीटरवर भरवसा ठेवू नका. रस्ता रुंद करताना दगड हलतात, म्हणून पाच किलोमीटर घ्या. १८,००० ला (पाच किलोमीटर गुणिले तासाचे ३,६०० सेकंद) लागलेल्या सेकंदांनी भागलं की खरा वेग. आम्हाला ४ मिनिटं ४३ सेकंद लागले, म्हणजे २८३ सेकंद, म्हणजे ताशी ६३.६. पुढे दहा किलोमीटर मोजले, तर मीटरवर साडेनऊच्या जरा अलीकडे. दोन्हीकडे साधारण सहा टक्के कमी. मीटर निर्दोष!

वाकून टायर वाचले. ८०० चे मूळ टायर १४५/७० आर १२ (रुंदी १४५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १२ इंच), आणि याला होते अल्टोचे १४५/८० आर १२. व्यास ५०८ मिलिमीटरवरून ५३७ वर गेला, जवळपास पावणेसहा टक्के वाढ. चाक मोठं, म्हणून तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पुढे जाते आणि मीटरला ते कळत नाही. उलट झिजलेल्या टायरवर मीटर थोडा जास्त दाखवतो.

मोबाइलचा जीपीएस वाईट नाही, पण सरळ, मोकळ्या रस्त्यावर, वेग स्थिर ठेवून वाचा. वेग वाढवताना तो मागे राहतो, बोगद्यात तर त्याला विचारूच नका. आणि मोबाइलवर ६०, काट्यावर ६४ असं गाऱ्हाणं आलं तर गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवा. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमावलीप्रमाणे मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, जास्त दाखवलं तर दहा टक्के अधिक चारपर्यंत चालतं. म्हणजे खऱ्या ६० ला ७० सुद्धा नियमात बसतं. गुरुजींचं दुखणं उलटं होतं, म्हणून ते गंभीर.

टायर नवे होते, शेताच्या रस्त्यावर गाडी जरा उंच बरी, म्हणून गुरुजी ते बदलायला तयार नव्हते. त्यांनी वहीचा कागद फाडला, सुवाच्य अक्षरात "८० म्हणजे ८५" असं लिहिलं आणि मीटरखाली चिकटवलं. मालकांनी पैसे घेतले नाहीत. पुढच्या खेपेला वाघ्या घेवड्याची पिशवी आली, आणि ती मालकांनी माझ्या हातात दिली नाही.