कुबरनेटिसला जुनी सॅन जोडताय? या चुका टाळा

नागपूरच्या मिहानमधलं ऑफिस असो की रामदासपेठेतल्या हॉस्पिटलची सर्व्हर रूम, कुबरनेटिसला (कंटेनर चालवणारी यंत्रणा) सॅन (नेटवर्कवरून सर्व्हरना डिस्क देणारं स्टोरेज) जोडायची सुरुवात बहुधा अशीच होते. व्हर्च्युअल मशीनसाठी घेतलेला स्टोरेज अ‍ॅरे हाताशी असतो, कंपनी त्याचा सीएसआय ड्रायव्हर (कुबरनेटिस आणि स्टोरेजमधला दुवा) देते, तो बसवला की पीव्हीसी (अ‍ॅपनं केलेली डिस्कची मागणी) ‘बाउंड’ दिसते आणि सगळे खूश. खरी गडबड त्यानंतरची. अ‍ॅरेचं सॉफ्टवेअर घडलं ते एका जागी वर्षानुवर्षं चालणाऱ्या मशीनसाठी. पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट) दिवसातून चार वेळा घर बदलतो. व्हॉल्यूम (पॉडला दिलेली डिस्क) बनवून देणं सगळ्याच ड्रायव्हरना जमतं. मेलेल्या नोडच्या (क्लस्टरमधल्या सर्व्हरच्या) तावडीतून ते सोडवून आणताना मात्र भल्याभल्यांची दमछाक होते.

नोड गेला, पॉड अडकला

मे महिना, पारा ४५ च्या वर, सर्व्हर रूमचा एसी बसला आणि एक नोड तापून बंद पडला असं धरा. त्यावर कळमन्यातल्या एखाद्या अडत्याच्या बिलिंगचं पोस्टग्रेस (डेटाबेस) होतं. नोड ‘नॉट रेडी’ झाल्यावर कुबरनेटिस आधी ३०० सेकंद वाट बघतं, मग पॉड काढायला घेतं. पॉड डिप्लॉयमेंटचा (कुठलाही पॉड कुठल्याही नावानं चालतो) असेल तर नवा पॉड उभा राहतो, पण व्हॉल्यूम जुन्या नोडलाच जोडलेलं, म्हणून ‘मल्टि-अटॅच एरर’. जबरदस्तीनं सोडवायला आणखी ६ मिनिटं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी दहा-बारा मिनिटं गेली. स्टेटफुलसेटचा (प्रत्येक पॉडचं नाव ठरलेलं) असेल तर तेवढ्यावरही भागत नाही: जुना पॉड ‘टर्मिनेटिंग’मध्ये लटकतो आणि त्याच नावाचा नवा बनूच शकत नाही.

इथे घाईघाईत पॉड ‘फोर्स डिलीट’ करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नोड खरंच बंद आहे की फक्त त्याचं नेटवर्क तुटलंय, हे न बघता केलं तर दोन पोस्टग्रेस एकाच फाइल सिस्टिमवर लिहू लागतात, आणि मग बॅकअपशिवाय गती नाही. आधी सर्व्हरच्या मॅनेजमेंट कार्डातून वीज बंद असल्याची खात्री करा. मग नोडला ‘आउट-ऑफ-सर्व्हिस’ हा टेंट (taint, नोडवरची खूण) लावा, इफेक्ट ‘नो-एक्झिक्यूट’. ही सोय कुबरनेटिस १.२८ पासून पक्की झाली आहे. पॉड आणि व्हॉल्यूम दोन्ही लगेच सुटतात. नोड परत आला की टेंट हातानंच काढावा लागतो. तो राहून गेला तर त्या नोडवर काहीच चढत नाही आणि लोक तासभर दुसरीकडेच शोधत बसतात.

आणखी एक गैरसमज व्हॉल्यूम कोण वापरू शकतं याचा: ‘रीड-राइट-वन्स’ म्हणजे एक पॉड नव्हे, एक नोड. त्याच नोडवरचे दोन पॉड खुशाल एकत्र लिहू शकतात. एकच हवा असेल तर ‘रीड-राइट-वन्स-पॉड’ वापरा. तो १.२९ मध्ये स्थिर झाला, पण तुमच्या ड्रायव्हरला तो कळतो का, हे कंपनीला विचारून घ्या.

एकाच साच्यातले नोड

टेम्पलेटवरून नोड क्लोन केले की आयस्कझीचं (नेटवर्कवरून डिस्क जोडायची पद्धत) इनिशिएटर नाव, म्हणजे अ‍ॅरेला नोडची ओळख पटवणारं नाव, सगळ्यांचं एकच राहतं. अ‍ॅरेच्या दृष्टीनं सगळे नोड म्हणजे एकच मशीन. एकाला दिलेला लन (अ‍ॅरेवरची डिस्क) दुसऱ्यालाही दिसतो, सेशन एकमेकांना हाकलतात आणि लॉगमध्ये दर काही सेकंदांनी लॉगिन-लॉगआउटची रांग लागते. दोष स्विचला दिला जातो, केबल बदलल्या जातात. त्याआधी प्रत्येक नोडवर ‘इटीसी’खालच्या ‘आयस्कझी’ फोल्डरमधली नावाची फाइल उघडून तुलना करा. सारखी निघाली तर नोड रिकामा करा, नवं नाव तयार करून फाइलमध्ये टाका, सर्व्हिस रीस्टार्ट करा आणि अ‍ॅरेवरची होस्ट नोंदही बदला. शेवटची पायरी विसरली की लन दिसेनासा होतो.

मल्टिपाथमध्ये (एका लनकडे जाणाऱ्या अनेक वाटा सांभाळणारं सॉफ्टवेअर) ‘पाथ नसेल तर रांगेत थांब’ ही सेटिंग मर्यादेशिवाय ठेवू नका. सगळे पाथ गेले की प्रोसेस अनंतकाळ अडकते, अनमाउंट होत नाही, पॉड मरत नाही. ‘नो-पाथ-रिट्राय’ १२ आणि तपासणीचं अंतर ५ सेकंद ठेवलं तर सुमारे ६० सेकंदांनी एरर येते आणि पुढचं काम हलतं. ड्रायव्हरच्या कंपनीचा वेगळा आकडा असेल तर तो धरा.

मुंबईला सिंक्रोनस कॉपी

ब्रोशरमध्ये ‘शून्य डेटा लॉस’ वाचून नागपूर-मुंबई सिंक्रोनस रेप्लिकेशन (दोन्हीकडे लिहून झाल्यावरच राइट पूर्ण धरणं) मागणारे कमी नाहीत. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे; फायबरही त्याहून फार जवळून जाणार नाही. फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जाऊन-येऊन ७ मिलिसेकंद, तेही वाटेतला एकही स्विच न धरता. फ्लॅशवरचा राइट मिलिसेकंदाच्या आत होतो, तो सातपट लांबला. एका सेशनचे सेकंदाला जेमतेम १४० कमिट. काही अ‍ॅरे एका राइटला दोन फेऱ्या मारतात, तेव्हा त्याच्या निम्मे. मिहान ते हिंगणा अशा जवळच्या अंतरात सिंक्रोनस ठेवा, मुंबईला असिंक्रोनस (मागाहून कॉपी). आणि इटीसीडी (क्लस्टरच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस) असल्या व्हॉल्यूमवर ठेवूच नका: त्याला ९९ टक्के फ्लश १० मिलिसेकंदांच्या आत हवेत. लोकल एसएसडी द्या.

जागेचा हिशोब

आधीच रेड-१० (प्रत्येक डिस्कची दुसरी प्रत) असलेल्या अ‍ॅरेवर तीन रेप्लिकांचं सेफ (Ceph, अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र करणारं सॉफ्टवेअर) चढवलं की १ टीबी डेटाला ६ टीबी डिस्क जाते. सेफला साध्या लोकल डिस्कच द्या. तिथेही हिशोब नीट करा. ४ नोड, प्रत्येकी १० टीबी, म्हणजे एकूण ४०. तीनने भागून लोक १३ टीबी मिळाले म्हणतात. पण एक नोड गेला की ३० उरतात, आणि सेफ ८५ टक्क्यांवर इशारा देतं, ९५ टक्क्यांवर लिहिणंच थांबवतं. ३० चे ८५ टक्के २५.५, तीनने भागा. हाती ८.५ टीबी.

थिन प्रोव्हिजनिंगमध्ये (लागेल तशीच जागा देणं) फाइल डिलीट करून अ‍ॅरेवरची जागा सुटत नाही, डिस्कार्ड किंवा एफएसट्रिम चालवावं लागतं. ते आठवड्यातून एकदा शेड्यूलला लावा.

बाकीच्या चुका झटपट. डायनॅमिक (मागणीनुसार आपोआप बनलेल्या) व्हॉल्यूमचं रिक्लेम धोरण, म्हणजे मागणी संपल्यावर त्याचं काय करायचं हे, न सांगितल्यास ‘डिलीट’ असतं. पीव्हीसी गेली की डेटा गेला. प्रॉडक्शनच्या स्टोरेज क्लासला ‘रिटेन’ लावा. दोन रॅक किंवा दोन झोन असतील तर बाइंडिंग ‘वेट-फॉर-फर्स्ट-कन्झ्युमर’ (पॉडची जागा ठरेपर्यंत थांब) ठेवा, नाहीतर व्हॉल्यूम एकीकडे आणि पॉड दुसरीकडे अशी गत होते. व्हॉल्यूम वाढवता येतं, लहान करता येत नाही. लाखो फाइलींचं व्हॉल्यूम माउंट व्हायला अर्धा तास लागत असेल तर एफएस-ग्रुपची (पॉडला फाइली वापरू देणारा ग्रुप) मालकी प्रत्येक वेळी नव्यानं लिहिली जातेय. धोरण ‘ऑन-रूट-मिसमॅच’ करा. त्याच अ‍ॅरेवरचा स्नॅपशॉट बॅकअप नव्हे, आणि डेटाबेसला न सांगता घेतलेला स्नॅपशॉट म्हणजे वीज गेल्या क्षणाची डिस्क.

‘टर्मिनेटिंग’मध्ये अडकलेल्या व्हॉल्यूमचा फायनलायझर (आवराआवर होईपर्यंत नोंद पुसू न देणारी खूण) हातानं पुसायचा मोह आवरा. क्लस्टरमधली नोंद जाते, अ‍ॅरेवरचा लन तसाच राहतो आणि जागा खात बसतो. आधी ‘व्हॉल्यूम-अटॅचमेंट’ची (कुठलं व्हॉल्यूम कुठल्या नोडला जोडलंय त्याची) यादी बघा, ड्रायव्हरच्या कंट्रोलर पॉडचा लॉग वाचा. पुसलाच, तर लनचा आयडी त्याआधी कुठेतरी लिहून ठेवा.