पक्ष्याचं इंग्रजी नाव उलगडायचं कसं

रातव्याला इंग्रजीत नाइटजार म्हणतात. शब्दकोश उघडला तर नाइट म्हणजे रात्र, जार म्हणजे बरणी. रातव्याचा बरणीशी काडीचा संबंध नाही. इथला जार म्हणजे कर्कश घरघर. रात्री घरघरतो तो नाइटजार. पाहुण्यांना जंगल दाखवणाऱ्या गाइडने आणि वर्गात पक्ष्यांचा तक्ता लावणाऱ्या गुरुजींनी पहिली खूणगाठ हीच बांधावी: आजचा अर्थ लावून पक्ष्याचं नाव फोडायचं नाही.

सुरुवातीला पंधराच पक्षी घ्या. पाच वावरातले, पाच बोडीवरचे किंवा तलावावरचे, पाच रानातले. वहीत प्रत्येकाला एक पान द्या. सगळ्यात वर गावात चालतं ते नाव, त्याखाली इंग्रजी, त्याखाली शास्त्रीय. उरलेलं पान मुळासाठी मोकळं ठेवा. गावातलं नाव आधी लिहायचं, कारण पुढे ताळा त्याच्याशीच बसतो.

मग इंग्रजी नाव मोठ्याने म्हणा आणि त्यात पक्ष्याचा आवाज सापडतो का ते बघा. कुकू, हूपू, क्रो ही नावं आवाजावरूनच पडली, जसा आपला कावळा 'काव काव'वरून. टर्टल डव्हमध्ये मात्र बरेच जण फसतात. टर्टल म्हटलं की कासव आठवतं, पण हे टर्टल लॅटिन 'तुर्तुर'मधून आलं आणि तुर्तुर म्हणजे होल्याचं घुमणं. पीकॉकमधला 'पी' वाटाणा नव्हे, तो मोराच्या लॅटिन 'पावो' या नावाचा झिजलेला अवशेष. काइटचं तर उलटंच आहे. पतंगावरून घारीला नाव पडलं नाही. घारीचं नाव जुनं, आणि आभाळात तशीच तरंगते म्हणून कागदाच्या पतंगाला ते 17व्या शतकात मिळालं.

नाव लांबलचक असेल तर मागून वाचा. शेवटचा शब्द कुळाचा, पुढचे ओळखीचे. आपली टिटवी म्हणजे रेड-वॉटल्ड लॅपविंग. वॉटल म्हणजे कोंबड्याच्या गळ्याशी लोंबते तसली मांसल कातडी. टिटवीला ती डोळ्यापुढे असते, लाल रंगाची. हे दुर्बिणीतून लगेच दाखवता येतं.

लॅपविंगवर थोडं थांबायला हवं. यातलं 'विंग' पाहून सगळे पंखाचा अर्थ काढतात. जुन्या इंग्रजीत मात्र हा शब्द 'ह्लेआपेविंचे' असा होता: पहिला भाग उडी मारण्याचा, दुसरा डळमळण्याचा. युरोपातली तुरेवाली टिटवी हेलकावे खात उडते, त्यावरून तो पडला. पुढे लोकांना जुना शब्द कळेना, म्हणून ओळखीचं 'विंग' त्यात शिरलं. आता शास्त्रीय नाव बघा, व्हॅनेलस. लॅटिनमध्ये 'व्हॅनस' म्हणजे सूप, आणि व्हॅनेलस म्हणजे छोटंसं सूप. पंखांची फडफड पाखडण्यासारखी वाटली म्हणून हे नाव पडलं. खळ्यावर तूर पाखडताना पाहिलेल्या माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

इथेच दुसरी चूक होते. नाव युरोपातल्या पक्ष्याला पडलं आणि सारखेपणावरून आपल्याकडच्याला चिकटलं, हे विसरलं जातं. रॉबिन हे रॉबर्टचं लाडाचं रूप. ते नाव तिकडच्या तांबड्या छातीच्या पक्ष्याचं. आपल्या इंडियन रॉबिनच्या नराची छाती काळी असते आणि तांबूस रंग शेपटीखाली. तेव्हा छातीवर लाली शोधत बसू नका.

मूळ तपासायला खिशातला कोश पुरत नाही. व्युत्पत्ती देणारा मोठा कोश घ्या आणि त्यातून तीनच गोष्टी उतरवा: सगळ्यात जुनं रूप, भाषा, तेव्हाचा अर्थ. कोशात मूळ अज्ञात लिहिलं असेल तर पान कोरं राहू द्या. मनाने जोडलेला अर्थ एकदा पाहुण्यांच्या तोंडी बसला की पुसणं फार जड जातं.

काही नावं इंग्रजीने आपल्याकडूनच उचलली. मैना, शिकरा, कोएल ही हिंदीतून गेली. सारसचंही तसंच, आणि गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत तो पक्षी आजही दिसतो. गुराढोरांमागे किडे टिपणाऱ्या कोतवालाचं 'ड्राँगो' हे नाव मात्र मादागास्करच्या भाषेतलं. मेळघाटातल्या रानपिंगळ्याच्या शास्त्रीय नावातलं 'ब्लेविटी' ब्लेविट या माणसावरून आलं. पक्षी-अभ्यासक ह्यूम यांनी 1873मध्ये ते दिलं. अशा नावात पक्ष्याचं वर्णन शोधायचं नसतं.

शेवटी प्रत्येक पानावर गावातलं नाव आणि इंग्रजी-लॅटिन मूळ शेजारी ठेवून बघा. खाटीक पक्ष्याचं लॅटिन नाव 'लॅनियस', त्याचाही अर्थ खाटीकच, कारण तो शिकार काट्याला टोचून ठेवतो. कॉर्मोरंट हा शब्द 'कॉर्व्हस मरिनस', म्हणजे दर्यातला कावळा, यावरून आला. आपण त्याला पाणकावळा म्हणतो. तांबटाचं इंग्रजी नाव कॉपरस्मिथ बार्बेट. यातला कॉपरस्मिथ म्हणजे तांब्याची भांडी घडवणारा तांबटच, पक्ष्याच्या टुक-टुक आवाजावरून. आणि बार्बेटमध्ये लॅटिन दाढी आहे, चोचीच्या बुडाशी असलेल्या राठ केसांची. अशा जुळलेल्या पानांवर लाल खूण करा. पाहुण्यांसमोर बोलायला सुरुवात याच पानांपासून करावी: आधी आवाज ऐकवायचा, मग गावातलं नाव सांगायचं, इंग्रजी त्यानंतर.