वाटीभर रवा म्हणजे किती ग्रॅम? आपल्याच वाटीचं माप काढा

शिऱ्याची कृती घरात वाटीने चालते, दुकानातून रवा किलोने येतो आणि नव्या कृतींमध्ये माप ग्रॅममध्ये दिलेलं असतं. तयार तक्त्यातला कप आपल्या घरात असेलच असं नाही. काही कप 240 मिलीचे, काही 250 चे, आणि वाट्यांचं तर विचारूच नका. म्हणून आधी आपली वाटी मोजायची.

घरात वजनकाटा नसला तरी अडत नाही. अर्धा किलो रव्याचं न फोडलेलं पाकीट घ्या. रोजच्या वापरातली एकच वाटी ठरवा. पाकीट फोडून रवा परातीत ओता, चमच्याने हलक्या हाताने वाटीत भरा आणि वरची शीग सुरीच्या पाठीने उतरवून वाटी सपाट करा. वाटी ठोकू नका, रवा दाबू नका. ठोकली की रवा खाली बसतो आणि त्याच वाटीत जास्त मावतो. शिगोशीग भरलेल्या वाटीची तर दर वेळी वेगळी कथा. अशा किती वाट्या निघाल्या ते मोजा. शेवटची अर्धी किंवा पाऊण असेल तर तशीच धरा.

समजा पावणेपाच वाट्या भरल्या. 500 ला 4.75 ने भागलं की साधारण 105 येतात. म्हणजे तुमची वाटी 105 ग्रॅम रव्याची.

वजनकाटा असेल तर काम आणखी सोपं: रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा, रवा भरा, आकडा वाचा. तीन वेळा करून सरासरी काढा. बारीक आणि जाड रवा मात्र वेगवेगळा मोजा, दोन्ही वाटीत सारखे बसत नाहीत. आणि मोजायचा तो कच्चा रवा. भाजताना त्यातला ओलावा उडतो आणि वजन थोडं घटतं.

बाहेरच्या कृती वाचताना ढोबळ अंदाज असा: 240 मिलीच्या कपात सुमारे 165 ते 170 ग्रॅम रवा, 15 मिलीच्या मोठ्या चमच्यात 10 ग्रॅमच्या आसपास, 5 मिलीच्या लहान चमच्यात साडेतीन.

खरी गंमत सत्यनारायणाच्या प्रसादाला कळते. सव्वा वाटी रवा, सव्वा वाटी साखर, सव्वा वाटी तूप हे घरचं माप. पूजा मोठी असली की आपण सहज सव्वा-सव्वा किलो म्हणतो. पण साखर रव्यापेक्षा जड. वरच्याच वाटीने सव्वा किलो रव्याच्या जवळपास बारा वाट्या होतात, तेवढ्याच वजनाची साखर मात्र दहा वाट्यांच्या आसपास संपते. पातळ तूप नऊ वाट्यांच्या थोडं पुढे जातं. म्हणजे किलोने केलेला प्रसाद घरच्यापेक्षा कमी गोड आणि कमी तुपाचा होतो. घरचीच चव हवी असेल तर साखर आणि तूपही याच वाटीने मोजून त्यांचं वजन काढा. बारा वाट्या साखर म्हणजे साधारण दीड किलो.

वाटीचा आकडा कागदावर लिहून रव्याच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. वाटी बदलली की कागदही बदला.