हॉल इफेक्ट करंट सेन्सर चिप सर्किटमध्ये कशी वापरावी: आधी शून्य, मग अँपिअर

मोटर किती अँपिअर ओढतेय, बॅटरीत किती करंट शिरतोय हे मायक्रोकंट्रोलरला कळवायचं असेल, तर करंटच्या वाटेत शंट (अगदी कमी ओहमचा) रेझिस्टर बसवून त्यावरचं व्होल्टेज मोजणं हा सर्वांत साधा उपाय. पण ०.१ ओहमच्या शंटमधून ५ अँपिअर गेले की अर्धा व्होल्ट तिथेच जातो आणि अडीच वॅट उष्णता तयार होते. शिवाय मोजणारं सर्किट आणि लोडचं, म्हणजे करंट ओढणाऱ्या उपकरणाचं, सर्किट एकमेकांना जोडलेलंच राहतं. हॉल इफेक्ट चिप या दोन्ही अडचणींवर उत्तर आहे. एसीएस७१२ ही चिप मॉड्यूलच्या रूपात सगळीकडे मिळते, म्हणून उदाहरणं तिचीच घेतो. तिच्या पोटातल्या तांब्याच्या वाटेचा रोध जेमतेम १.२ मिलिओहम असतो, त्यामुळे त्याच ५ अँपिअरला ६ मिलिव्होल्टच कमी होतात.

करंट वाहणाऱ्या पट्टीवर आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं की पट्टीच्या दोन कडांमध्ये बारीकसं व्होल्टेज तयार होतं, हे एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये सोन्याच्या वर्खावर दाखवलं. चिपमध्ये तेच घडतं. तांब्यातून करंट गेला की भोवती क्षेत्र तयार होतं आणि शेजारी, पण विद्युतदृष्ट्या वेगळा ठेवलेला हॉल घटक ते वाचतो. म्हणजे चिपला दिसतं ते चुंबकीय क्षेत्र. अँपिअर आपण त्यावरून काढतो. करंट नसतानाही आउटपुटवर पुरवठ्याच्या निम्मं व्होल्टेज असतंच आणि सगळी मोजणी तिथून सुरू होते. हा शून्याचा आकडा सांभाळला की अर्धं काम झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी: रेंज निवडा

एसीएस७१२ तीन रेंजमध्ये येते. ५ अँपिअरची चिप दर अँपिअरला १८५ मिलिव्होल्ट देते, २० ची १०० आणि ३० ची ६६. आता १० बिटचा, ५ व्होल्टवर चालणारा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा ० ते १०२३ मधला आकडा करणारा भाग, घ्या. त्याची एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. म्हणजे ५ अँपिअरच्या चिपवर साधारण २६ मिलिअँपिअरचा फरक दिसतो, ३० च्या चिपवर ७४ चा. ‘मोठी घेतलेली बरी’ हा विचार इथे महागात पडतो. लोड नेहमी दोन अँपिअरच्या आसपास असेल तर ५ ची चिपच घ्या.

मोटर सुरू होताना करंट काही पट उसळतो, त्याची भीती वाटते ती रास्त आहे. पण १०० मिलिसेकंदांचा १०० अँपिअरचा एखादा झटका ही चिप सोसते. त्या क्षणी आउटपुट टोकाला जाऊन अडकतं, एवढंच. उसळीच मोजायची असेल तर मात्र मोठी रेंज हवी. आणि काही मिलिअँपिअरच मोजायचे असतील तर ही चिप बाजूला ठेवा. तिथे शंटच बरा.

नव्या उत्पादनाची आखणी करत असाल तर याच कुटुंबातल्या एसीएस७२३ किंवा एसीएस७२४ कडे वळा. त्यांत दोन हॉल घटकांमधला फरक घेतला जातो, त्यामुळे बाहेरचं क्षेत्र बऱ्याच अंशी कटतं. शिकायला एसीएस७१२ उत्तम.

दुसरी पायरी: जोडणी

पिन १ आणि २ मधून करंट आत, ३ आणि ४ मधून बाहेर. असा वाहिला की आउटपुट वर चढतं, उलटा वाहिला की खाली उतरतं. पाचवी पिन ग्राउंड, सहावी फिल्टर, सातवी आउटपुट, आठवी ५ व्होल्ट. आठव्या पिनेला अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडकडे लावा. सेन्सर लोडच्या पॉझिटिव्ह तारेत बसवा. चिपच्या दोन बाजू वेगळ्या असल्याने ते चालतं, आणि लोडची ग्राउंड तार अखंड राहते. वाटेत योग्य रेटिंगचा फ्यूज हवाच.

स्वतःचा बोर्ड बनवत असाल तर पिन १ ते ४ ला रुंद आणि जाड तांबं द्या. २० अँपिअरला चिपमध्ये जवळपास अर्धा वॅट उष्णता होते आणि ती याच तांब्यातून बाहेर पडते. चिपच्या पोटाखालून, दोन बाजूंच्या मधून, ग्राउंडचं तांबं नेऊ नका. लाउडस्पीकर, रिले, ट्रान्सफॉर्मर आणि जास्त करंटच्या इतर तारा लांब ठेवा. एक सेंटिमीटरवरून २० अँपिअर नेणारी तार ४०० मायक्रोटेस्लाचं क्षेत्र टाकते, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या कितीतरी पट.

३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरला आउटपुट थेट जोडू नका. १० आणि २० किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये जोडून व्होल्टेज विभाजक लावा आणि २० किलोओहमवरचं व्होल्टेज घ्या. मग १८५ चे १२३ मिलिव्होल्ट होतात. चिपला मात्र ४.५ ते ५.५ व्होल्टच लागतात. ते टाळायचं असेल तर ३.३ व्होल्टवर चालणारी एसीएस७२५ आहे.

तिसरी पायरी: शून्य पकडा

आउटपुट पुरवठ्याच्या प्रमाणात सरकतं. पुरवठा ५ ऐवजी ४.७ व्होल्ट असेल तर शून्य २.५ वर नसून २.३५ वर येतं. प्रोग्रॅममध्ये २.५ लिहून ठेवलं आणि एडीसीचा संदर्भ (ज्या व्होल्टेजशी तो तुलना करतो ते) वेगळा, स्थिर असला, तर काहीही वाहत नसताना ०.८ अँपिअर दिसतील! उपाय सोपा आहे: एडीसीचा संदर्भ आणि चिपचा पुरवठा एकाच ५ व्होल्टवरून घ्या. मग दोघं एकत्र सरकतात आणि शून्य एडीसीच्या मध्यापाशी, ५१२ च्या आसपास टिकतं.

तरी ५१२ गृहीत धरू नका, मोजा. लोड रिलेने किंवा मॉस्फेटने (स्विचसारखं काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरने) चालू होत असेल तर तो चालू करण्याआधी काहीशे वाचनांची सरासरी घ्या आणि तेच शून्य माना. तापमानाने शून्य थोडं हलतं, म्हणून लोड बंद होईल तेव्हा पुन्हा घ्या. करंट कधीच थांबत नाही अशा बॅटरीच्या सर्किटमध्ये ही सोय नसते. तिथे तार सोडवून एकदा शून्य घ्या आणि साठवून ठेवा.

वाचन थरथरतं ते चिपच्या स्वतःच्या नॉइजमुळे. ती कमी करायला फिल्टर पिन आणि ग्राउंडमध्ये एक कपॅसिटर लावतात. तो चिपच्या आतल्या १.७ किलोओहमच्या रेझिस्टरसोबत काम करतो. १ नॅनोफॅरडला चिप जवळजवळ पूर्ण वेगाने धावते, ४७ नॅनोफॅरडला वेगाची सीमा २ किलोहर्ट्झवर येते आणि थरथर बरीच शमते. डीसीला आणि ५० हर्ट्झच्या एसीला ४७ पुरेसा वेगवान आहे. शॉर्टसर्किट झटक्यात ओळखायचं असेल तर कपॅसिटर लहानच ठेवा.

चौथी पायरी: ताडून पाहा

१२ व्होल्टवर १० ओहमचा, निदान २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा आणि मल्टिमीटर सिरीजमध्ये जोडा. सुमारे १.२ अँपिअर वाहतील आणि ५ अँपिअरच्या चिपचं आउटपुट शून्यापासून २२२ मिलिव्होल्टच्या आसपास हलायला हवं. हलण्यात फरक असेल तर १८५ ऐवजी तुमचा मोजलेला आकडा वापरा. रेझिस्टर हातात धरू नका, चांगलाच तापतो.

मग एक फार उपयोगी चाचणी करा. सेन्सरकडे येणाऱ्या दोन तारांची अदलाबदल करा. एकदा १.२३ आणि उलट केल्यावर उणे १.१७ दिसलं, तर शून्य ०.०३ अँपिअरने सरकलेलं आहे. तेवढं वजा करा.

एसी मोजताना

साधी सरासरी शून्यच येईल. प्रत्येक वाचनातून शून्य वजा करा, वर्ग करा, वर्गांची सरासरी घ्या, मग वर्गमूळ. हेच आरएमएस. वाचनं पूर्ण आवर्तनांचीच असू द्या. १०० मिलिसेकंदांची खिडकी सोयीची, कारण तिच्यात ५० हर्ट्झची पाच आणि ६० हर्ट्झची सहा आवर्तनं नेमकी बसतात. शून्य जरा जरी चुकलं तरी लहान करंटचं आरएमएस फुगतं, म्हणून शून्याऐवजी त्याच खिडकीतल्या वाचनांची सरासरी वजा करणं मला जास्त पटतं.

मेन्सवर, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर, हात घालण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं. एसीएस७१२ चं मूलभूत इन्सुलेशन ३५४ व्होल्ट शिखरापर्यंतच्या कामासाठी आहे, पण माणसाच्या सुरक्षेसाठी लागणारं दुहेरी तोडीचं इन्सुलेशन १८४ व्होल्टपर्यंतच धरलेलं आहे. त्यामुळे मेन्सवर ही चिप असताना कमी व्होल्टेजच्या बाजूचंही काही उघडं ठेवू नका. यूएसबी केबलने संगणक जोडायचा असेल तर मध्ये वेगळा आयसोलेटर (दोन्ही बाजू विद्युतदृष्ट्या अलग ठेवणारं उपकरण) घाला. मॉड्यूलच्या स्क्रू टर्मिनलवर आणि पाठीमागच्या सोल्डरवर मेन्स उघडाच असतो. बोर्ड बंद प्लास्टिकच्या डब्यात बसवा आणि प्लग काढल्याशिवाय डबा उघडू नका.