लकव्यानंतर वाचा गेली? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक पहिल्या तासातच होते. माणूस चालतोय, हात हलवतोय, पण अचानक असंबद्ध बोलायला लागलाय. 'चष्मा' म्हणायचं तिथे 'पंखा' म्हणतो, आपण विचारलेलं त्याला कळत नाही. घरचे म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला, सकाळी बघू. डाव्या कानाच्या वर-मागे मेंदूत असलेल्या, बोलणं समजून घेणाऱ्या वेर्निके भागाचा रक्तपुरवठा तुटला की अनेकदा तोंड वाकडं होत नाही, हात लुळा पडत नाही. बिघडते ती फक्त भाषा, पण हाही लकवाच. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं आणि हे तास मोजायचे ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून. ती वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या.

दुसरी चूक जिभेवर उपचार करण्याची. वेखंड उगाळून मधातून चाटवणं अजूनही चालतं. १८६१ मध्ये पॅरिसला ब्रोका या शल्यविशारदाने ज्या रुग्णाचा मेंदू तपासला, तो वर्षानुवर्षं 'टॅन' एवढंच बोलू शके. दोष सापडला तो जिभेत नव्हे, मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात. त्यातून लकव्यानंतर गिळणंही अनेकदा बिघडलेलं असतं. मध श्वासनलिकेत उतरला तर न्यूमोनिया होऊ शकतो. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीच देऊ नका, पाणीसुद्धा.

'बोलता येत नाही ना, मग लिहून दाखवा' म्हणत पाटी पुढे केली जाते. वाचाघातात, म्हणजे अफेझियात, बोलणं, समजणं, वाचणं, लिहिणं हे सगळंच कमी-जास्त बिघडतं. अक्षरांचा तक्ताही म्हणूनच फसतो. पाटीचा एक उपयोग मात्र आहे: उच्चार बोबडे, पण लिहिलेलं वाक्य बिनचूक असेल, तर दोष भाषेचा नसून ओठ-जिभेच्या स्नायूंचा असण्याची शक्यता जास्त. दोन्हींचे व्यायाम वेगळे. ब्रोका प्रकारात, म्हणजे मेंदूचा तो डावा पुढचा भाग दुखावला की, आधी विभक्ती आणि क्रियापदं गळतात: 'मी बाजारात जाऊन भाजी आणली' याचं 'मी... बाजार... भाजी' होतं.

'हो' म्हणाले म्हणजे होकार, असंही धरू नका. 'चहा हवा की दूध?' याला उत्तर 'हो' येतं. कप आणि पेला दोन्ही समोर धरा, बोट दाखवू द्या, मग निवडलेलं पुन्हा दाखवून खात्री करा. औषध किंवा दुखण्याबद्दल विचारताना हे फार जपायला हवं. आवाज चढवून काही साधत नाही, कान शाबूत असतात. वाक्य छोटं करा, टीव्ही बंद करा, एका वेळी एकानेच बोला.

मग एक दिवस आजोबा अख्खी आरती म्हणतात आणि घरात कुजबुज सुरू होते, नाटक करतात की काय! पाठ असलेली ओळ, पाढे, वार, अगदी शिव्याही सलग घरंगळत येतात. 'पाणी दे' हे मात्र शब्द शोधून, जोडून घडवावं लागतं. चिडण्यापेक्षा याचा वापर करा. 'चहात घालतात ती...' एवढं म्हणून थांबा. दहापर्यंत मनात मोजा. नाहीच आला शब्द, तर 'सा...' एवढंच द्या. पूर्ण शब्द आपणच पुरवण्याची घाई हीच इथली नेहमीची चूक. रोज दोन-तीनदा, प्रत्येक वेळी १५-२० मिनिटं पुरतात. थकलेला मेंदू शब्द देत नाही.

सहा महिन्यांनंतर सुधारणा होत नाही असं ऐकून वाचाउपचार थांबवू नका. वेग पहिल्या काही महिन्यांत जास्त असतो, पण वाढ नंतरही चालू राहते. उपचार घरच्या भाषेत मागा. आयुष्य मालवणीत गेलेल्या बाईला हिंदी चित्रकार्डं देऊन काय मोजणार?

अपघातात डोक्याला मार लागलेल्यांची गोष्ट निराळी. चित्रं ओळखून नावं बरोबर सांगितली की 'भाषा ठीक' म्हणून कामावर पाठवलं जातं. त्यांना चहा कसा करायचा ते विचारा, तेही गोंगाटात. वाक्यं शुद्ध असतात, पण गाळणी आधी येते आणि पाणी उकळायचं राहूनच जातं.